किंग कॅम्प जिलेट : पातं बदलणारा माणूस



आज आपण अशा एका माणसाचे चरित्र बघणार आहोत, ज्याचं नाव तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं आहे. घरात आरशाजवळच्या फळीवर, किराणा दुकानात साबणाच्या शेजारी लटकणाऱ्या पाकिटांवर ते असतं : जिलेट. बहुतेकांना वाटतं की हे एका कंपनीचं नाव आहे. आहेच, पण त्याच्या आधी ते गावोगाव फिरून माल विकणाऱ्या एका माणसाचं आडनाव होतं. त्याला पोलाद कसं करतात ते ठाऊक नव्हतं. तरीही जगभरातल्या पुरुषांची दाढी करायची पद्धत त्याच्या नावाने बदलली.

हे चरित्र वर्गात सांगितलं की मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. ज्याला ते पातं स्वतःला करता आलं नाही, त्याचंच नाव त्याच्यावर का? प्रश्न चांगला आहे. तो मनात ठेवूनच पुढचं वाचा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊ.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : किंग कॅम्प जिलेट
जन्म : ५ जानेवारी १८५५
जन्मस्थान : फॉन्ड डू लॅक, विस्कॉन्सिन राज्य, अमेरिका
ओळख : पातळ, बदलता येणाऱ्या पात्याचा सेफ्टी रेझर
पेटंट मिळाले : १५ नोव्हेंबर १९०४
मृत्यू : ९ जुलै १९३२, कॅलिफोर्निया

नावातल्या 'किंग'चा अर्थ राजा असा होतो, पण ती काही पदवी नव्हती. आईवडिलांनी ठेवलेलं ते साधं नावच होतं.

वस्तऱ्याचे दिवस

जिलेटने काय केलं हे कळायचं असेल तर त्याच्या आधी दाढी कशी होत होती ते बघायला हवं. लांब जायला नको, आपल्या कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतलंच घ्या. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. काखेत धोपटी घेऊन तो घरोघरी जायचा. धोपटीत वस्तरा, कात्री, पाण्याची वाटी, नखं काढायची नराणी आणि धार लावायचं सामान. प्रत्येक दाढीचे पैसे नसत. सुगीला धान्याच्या रूपाने बलुतं मिळे.

वस्तरा म्हणजे पोलादाचं एक जाडसर पातं. पाठीकडे जाड आणि धारेकडे कागदासारखं पातळ होत गेलेलं. ते घडवायला कसबी कारागीर लागायचा. रोज चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, आणि काही दिवसांनी धार गेली की दगडावर लावायचा. हात सराईत नसेल तर गालावर रेघ उमटलीच म्हणून समजा. त्यामुळे स्वतःची दाढी स्वतः करणं हे धाडसाचं काम होतं.

अमेरिका आणि युरोपातही फार वेगळं चित्र नव्हतं. बोटं आणि गाल कापू नयेत म्हणून पात्यापुढे कड किंवा दाते असलेले सेफ्टी रेझर जिलेटच्या आधीच निघाले होते. १८८०च्या सुमारास अमेरिकेत कॅम्फे बंधूंचा एक रेझर बाजारात आला होता. पण त्यातलंही पातं जाडच असे आणि त्याला धार लावत बसावंच लागे. म्हणजे कापायची भीती कमी झाली होती, पण धारेची कटकट तशीच होती. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा : सेफ्टी रेझर जिलेटने शोधला नाही. त्याने शोधलं ते दुसरंच काहीतरी.

बालपण आणि घर

किंगचे वडील जॉर्ज यांना छोटीमोठी यंत्रं करून बघण्याचा नाद होता. आई फॅनी स्वयंपाकात तरबेज होती. पुढे १८८७ मध्ये तिचं पाककृतींचं पुस्तक निघालं आणि ते अमेरिकेत अनेक वर्षं खपत राहिलं. काहीतरी खटपट करत राहायचं, हे वळण मुलाला घरातूनच मिळालं.

किंग लहान असतानाच कुटुंब शिकागोला राहायला आलं. तिथे १८७१ साली मोठी आग लागली. शहराचा मोठा भाग जळाला, त्यात जिलेट कुटुंबाचा धंदाही गेला. किंग तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढचं शिक्षण राहून गेलं आणि तो कामाला लागला. लोखंडी सामान विकणारा फिरता विक्रेता म्हणून त्याने पुढची बरीच वर्षं आगगाडीत आणि लॉजमध्ये काढली. फिरता फिरता विकत असलेल्या वस्तूंमध्ये सुधारणा सुचवायच्या, पेटंट घ्यायचं, हेही चालूच होतं. त्याच्या नावावर बारीकसारीक पेटंटं जमली, पण त्यातून पैसा काही झाला नाही.

बुचाने दिलेला धडा

१८९१ मध्ये तो विल्यम पेंटर नावाच्या माणसाच्या कंपनीत विक्रेता म्हणून लागला. हा पेंटर स्वतः संशोधक होता. सोड्याच्या काचेच्या बाटलीवर कडेने चुण्या असलेलं पत्र्याचं बूच असतं ना, जे ओपनरने उचकटून काढतो, ते त्याचं.

आता आपली गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलायची, सोडा प्यायचा आणि बाटली गोटीसकट दुकानदाराला परत. तीच गोटी पुन्हा पुन्हा चालते. पेंटरचं बूच मात्र एकदा काढलं की गेलं. दुसऱ्या बाटलीला दुसरं बूच. म्हणजे बाटल्या भरणाऱ्याला पेंटरकडून बुचं घेत राहावंच लागणार!

पेंटरने जिलेटला हेच समजावलं. तूही अशी एखादी वस्तू शोध, की ती माणसं वापरतील, फेकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील. जिलेटच्या डोक्यात हे पक्कं बसलं. त्याबद्दल त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे की इंग्रजी मुळाक्षरं एकेक घेऊन त्या अक्षराने सुरू होणाऱ्या गरजेच्या वस्तू तो मनातल्या मनात तपासायचा. बरीच वर्षं काही हाती लागलं नाही.

ती सकाळ

साल १८९५. जिलेट चाळीस वर्षांचा होता आणि बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावात राहत होता. एके दिवशी सकाळी दाढीला बसला, तर वस्तरा बोथट. नुसत्या पट्ट्यावर घासून भागण्यासारखा नव्हता. धार लावणाऱ्याकडेच द्यावा लागणार होता. हातात तो वस्तरा धरून बघता बघता त्याला एक गोष्ट जाणवली. दाढी करते ती फक्त धार. बाकीचं एवढं जाड पोलाद कशासाठी? धारेला आधार म्हणून. मग आधार वेगळा केला तर? मूठ आणि पकड कायमची ठेवायची आणि पातं म्हणजे पोलादाची नुसती एक पातळ चकती. दोन्ही बाजूंना धार. गेली की फेकायची आणि दुसरी बसवायची.

त्याने दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी वापरतात तसली पोलादी पट्टी, एक छोटा व्हाइस आणि कानशी आणल्या आणि घरीच नमुना करायला घेतला. बायको तेव्हा गावाला गेली होती. आपलं नशीब उघडलं अशा अर्थाचं पत्रही त्याने तिला लगेच पाठवून दिलं.

खरं म्हणजे नशीब उघडायला अजून आठ वर्षं लागायची होती.

पोलाद काही ऐकेना

कल्पना कागदावर सोपी होती. अडचण पोलादाची होती. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ज्यांच्या घरचं कोणी काम करतं, त्या मुलांना हे लगेच कळेल. हत्याराला धार टिकायची तर पोलाद कडक करावं लागतं. त्यासाठी ते लालबुंद तापवून एकदम थंड करतात. यालाच आपल्याकडे पाणी देणे म्हणतात. जाड छिन्नीला पाणी देता येतं. पण ज्याची जाडी एका मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाइतकीच आहे, त्या पत्र्याला पाणी दिलं तर काय होईल? तो वाकडातिकडा होतो, वळतो, पापडासारखा फुगतो. मऊ ठेवला तर धार टिकत नाही. शिवाय पातं एवढं स्वस्त पडायला हवं की फेकताना जिवावर येऊ नये.

जिलेट कारागिरांकडे गेला, धातूंच्या जाणकारांकडे गेला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी ही नावाजलेली संस्था बोस्टनमध्येच होती. तिथल्या मंडळींनीही त्याला हा नाद सोडायला सांगितलं. एवढं पातळ, एवढं कडक आणि एवढं स्वस्त, तिन्ही एकत्र जमणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. मित्र चेष्टा करायला लागले. सहा वर्षं अशी गेली. पोट भरायला तो बुचंच विकत होता.

पुढे जिलेटने स्वतःच कबूल केलं की आपण तंत्रज्ञ असतो तर हा नाद तेव्हाच सोडून दिला असता. न कळण्याचाही कधी कधी असा उपयोग होतो. पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. न कळणाऱ्याने हट्ट धरला हे खरं. काम मात्र कळणाऱ्यानेच केलं.

विल्यम निकरसन

१९०१ साली मित्रांच्या ओळखीतून जिलेटची गाठ विल्यम एमरी निकरसन या यंत्रज्ञाशी पडली. तो एमआयटीतच शिकलेला होता. त्याने लगेच होकार दिला नाही, विचाराला वेळ घेतला. मग मात्र कामाला लागला. दोन प्रश्न त्याने सोडवले. पातळ पोलादी पट्टी वाकू न देता तिला पाणी कसं द्यायचं, हा पहिला. आणि हाताने नव्हे तर यंत्राने, एकामागून एक, सारखीच धार कशी लावायची, हा दुसरा. त्यासाठीची यंत्रं तेव्हा बाजारात नव्हती. ती त्यानेच आखली आणि उभी केली.

रेझरच्या रचनेतही एक सुंदर युक्ती आहे. तुम्ही आत्ता करून बघा. वहीचा एक कागद हातात आडवा धरा. पुढचं टोक खाली लोंबेल. आता तोच कागद मध्ये थोडा वाकवून पन्हळीसारखा धरा. लगेच ताठ उभा राहतो. कागद तोच, ताठपणा आला आकारामुळे. जिलेटच्या रेझरमध्ये पातं खालची पट्टी आणि वरचं झाकण यांच्यामध्ये ठेवून मूठ फिरवून आवळतात. आवळताना ते किंचित वाकतं आणि लवचीक पत्रा ताठ होतो. म्हणजे जाड पोलादाचं काम त्या वाकण्याने केलं!

३ डिसेंबर १९०१ रोजी पेटंटसाठी अर्ज गेला. त्याच वर्षी कंपनी स्थापन झाली आणि १९०२ मध्ये तिचं नाव जिलेट सेफ्टी रेझर कंपनी झालं. निकरसनचं नाव का दिलं नाही? इंग्रजीत 'निक' म्हणजे बारीकसा काप. त्या नावाने दाढीचं सामान विकणं तसं अवघडच होतं म्हणा!

पहिल्या वर्षी ५१

पैसे संपत आले तेव्हा बोस्टनचे उद्योजक जॉन जॉइस यांनी भांडवल घातलं आणि कंपनी तरली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. वर्षभरात किती रेझर खपले असतील? ५१. आणि पाती १६८. आठ वर्षांच्या खटपटीनंतर एवढंच. पुढच्याच वर्षी मात्र रेझरचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला आणि नोव्हेंबरात पेटंटही हाती आलं.

इथे एक गैरसमज दूर करू. जिलेटने रेझर फुकटात वाटला आणि पात्यांवर पैसा कमावला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. सुरुवातीला तसं नव्हतं. रेझरची किंमत पाच डॉलर होती. त्या काळातल्या कामगाराच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याची मजुरी. वीस पात्यांना एक डॉलर पडे. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, दुसऱ्या कंपन्यांना तसेच रेझर काढता येऊ लागले, तेव्हा जिलेट कंपनीने जुन्या पद्धतीचा रेझर एका डॉलरला आणला. स्वस्त रेझर आणि महाग पाती हे गणित त्यानंतर जास्त चाललं.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि कोट्यवधी पाती मागवली. खंदकात न्हावी कुठून येणार? शिवाय विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायला दाढी केलेली हवी. युद्ध संपल्यावर सैनिक ते रेझर आणि रोजची सवय, दोन्ही घेऊन घरी गेले.

चेहरा त्याचा, कंपनी दुसऱ्याची

पात्याच्या प्रत्येक वेष्टनावर जिलेटचा फोटो आणि सही छापलेली असे. गंमत बघा, दाढीचं पातं विकणाऱ्या या माणसाला भरघोस मिशा होत्या. तो देशोदेशी फिरायला जाई तेव्हा लोक त्याला चेहऱ्याने ओळखत.

पण कंपनीत त्याचा शब्द कमी कमी होत गेला. जॉइस आणि त्याच्यात वाद झाले. १९१० मध्ये त्याने आपले बहुतेक शेअर जॉइसला विकले. अध्यक्षपद नावापुरतं राहिलं.

याच माणसाची दुसरी बाजू तर आणखी चकित करणारी आहे. रेझर सुचायच्या आधी, १८९४ मध्ये, त्याने एक पुस्तक लिहिलं होतं. स्पर्धा हेच गरिबीचं आणि उधळपट्टीचं मूळ आहे, असं त्याचं म्हणणं होतं. सगळे उद्योग एकत्र करून एकच संस्था असावी, तिची मालकी लोकांची असावी. नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारं एक अवाढव्य शहर बांधावं आणि अमेरिकेतल्या बहुतेकांनी तिथेच राहावं, अशी त्याची योजना होती. श्रीमंत झाल्यावरही हा विचार त्याने सोडला नाही. १९१० मध्ये आपल्या कल्पनेतल्या जागतिक संस्थेचं अध्यक्षपद त्याने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केलं, दहा लाख डॉलर मोबदल्यासकट. त्यांनी नकार दिला. १९२४ मध्ये त्याने पुन्हा याच विषयावर पुस्तक काढलं. त्यासाठी लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी मदत केली.

स्पर्धा नको म्हणणारा माणूस आणि बाजारात प्रत्येकाशी स्पर्धा करणारी त्याच्याच नावाची कंपनी. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. चरित्र वाचताना माणूस असा दोन बाजूंनी बघायला शिका.

शेवटची वर्षं

जिलेटने कॅलिफोर्नियात जमीनजुमला घेतला, मोठं घर बांधलं. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. १९३० मध्ये त्याची कंपनी आणि एक प्रतिस्पर्धी कंपनी एकत्र झाल्या. त्या वेळी हिशेब तपासले, तेव्हा मागच्या काही वर्षांचा नफा फुगवून दाखवल्याचं बाहेर आलं. शेअरचा भाव घसरला. जिलेटची बहुतेक संपत्ती गेली. १९३१ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं आणि ९ जुलै १९३२ रोजी, वयाच्या ७७व्या वर्षी, तो वारला. दुकानांतल्या पाकिटांवर त्याचा चेहरा तेव्हाही छापून येतच होता.

मान फिरवणारा रेझर

जिलेट गेला पण कल्पना पुढे चालत राहिली. त्याच्या रेझरमध्ये एक अडचण होती. धार त्वचेशी ठरावीक कोनात धरावी लागते. कोन चुकला की एकतर केस निघत नाहीत नाहीतर कातडी निघते. गालावर सोपं आहे, पण हनुवटी आणि गळ्यावर वळण येतं.

हेही घरी करून बघा. कळशीच्या पोटावरून एक पट्टी मुठीत घट्ट धरून फिरवा. पट्टीचा कोन सारखा बदलतो आणि मनगट वळवत राहावं लागतं. आता पट्टी दोन बोटांत सैल धरा. ती आपोआप कळशीच्या पोटाशी जुळत जाते. १९७७ मध्ये जिलेट कंपनीने नेमकी हीच युक्ती रेझरमध्ये आणली. पात्यांचं डोकं मुठीला बिजागरीसारखं जोडलं, म्हणजे ते वळणाप्रमाणे पुढेमागे झुकतं. त्याआधी १९७१ मध्ये नुसत्या पात्याऐवजी प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली दोन पाती आली होती. ती चौकटच मुठीवरून काढायची आणि नवी चढवायची. धारेला बोट लावायची गरजच नाही.

आणि आता आपल्या देशाची गोष्ट. भारतासाठी काढलेला एक रेझर कंपनीने आधी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला. त्यांना तो आवडला. इथे मात्र तो नीट चालेना. कारण काय? तिकडची मुलं नळाच्या वाहत्या पाण्याखाली रेझर धुवत होती. इथे बहुतेक माणसं मगभर पाण्यात रेझर बुचकळून दाढी करतात. मगातल्या पाण्याने अडकलेले केस निघेनात. हे कळल्यावर कंपनीचे लोक भारतातल्या घरांत जाऊन बसले, माणसं कुठे बसतात, आरसा कसा धरतात, पाणी किती घेतात ते बघितलं. त्यातून २०१० मध्ये एक साधा रेझर निघाला : एकच पातं, फिरतं डोकं, थोड्या पाण्यात चटकन धुऊन निघेल अशी रचना. किंमत १५ रुपये, नवं पातं ५ रुपयांना. सगळं घडलं एका मगामुळे.

आपल्या केशकर्तनालयांतही बदल झालाच. आता बहुतेक ठिकाणी दुमडता येणाऱ्या वस्तऱ्यात ब्लेड बसवतात. कारागीर ब्लेड वेष्टनासकटच मधोमध मोडतो आणि अर्धं आत सरकवतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, कारण एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं तर कावीळ, एड्स यांसारखे आजार पसरू शकतात. दाढीला बसल्यावर ब्लेड नवीन घातलं का, हे विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

या चरित्रातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, रोजच्या त्रासाकडे लक्ष द्या. बोथट वस्तरा लाखो लोकांना त्रास देत होता. त्या जाड पोलादाचा उपयोग काय, असा प्रश्न जिलेटने विचारला.

दुसरी गोष्ट, वापरा आणि फेका या कल्पनेला दुसरी बाजू आहे. फेकलेली वस्तू कुठेतरी पडते. प्लॅस्टिक आणि पोलाद एकत्र अडकलेलं ते डोकं वेगळं करणं कठीण असतं. आणि उघडं ब्लेड कचऱ्यात टाकलं तर ते सफाई कामगाराच्या हातात घुसतं. पेंटरने शिकवलेल्या धड्यात हे नव्हतं, म्हणून ते आपण शिकायचं. घरातली जुनी ब्लेडं जाड कागदात गुंडाळून किंवा झाकणाच्या डब्यात साठवून, वर लिहून, वेगळी द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा प्रश्न. पातं करता न येणाऱ्याचं नाव पात्यावर का? प्रश्न जिलेटचा होता, सहा वर्षं हट्ट धरला तो त्याने, लोकांची चेष्टा सोसली ती त्याने. त्यामुळे त्याचं नाव खोटं नाही. पण ते अपुरं आहे. निकरसन नसता तर ती कल्पना बुचं विकणाऱ्याच्या खिशातच राहिली असती. जॉइसचे पैसे नसते तर यंत्रं थांबली असती. आणि यंत्रावर उभं राहून पाती काढणाऱ्या हजारो हातांची नावं तर कुठेच नाहीत.

उद्यमनगरातून जाल तेव्हा कारखान्यांच्या पाट्या वाचा. पाटीवर एक नाव असतं. आत साचा करणारा, ओतकाम करणारा, लेथवर उभा राहणारा, पोलादाला पाणी देणारा असतो. तुमच्यापैकी कोणाचे बाबा, कोणाचा काका, कोणाची आईही तिथे असेल. पाटी जरूर वाचा. पण आतल्या माणसाचं नावही विचारा आणि लक्षात ठेवा.

स्वाध्याय

१. जिलेटच्या आधीच्या सेफ्टी रेझरमध्ये कोणती अडचण राहिली होती?
२. पेंटरचं बूच आणि गोटी सोड्याची गोटी यांत काय फरक आहे? कोणती पद्धत तुम्हाला योग्य वाटते? का?
३. निकरसनने कोणते दोन प्रश्न सोडवले?
४. पातळ पातं रेझरमध्ये ताठ कसं राहतं? कागदाचा प्रयोग करून लिहा.
५. एमआयटीत चाललेला रेझर भारतात का चालला नाही?

उपक्रम

तुमच्या घरातल्या, शेजारच्या किंवा ओळखीच्या एका कारागिराला भेटा. तो कोणती वस्तू करतो, त्या वस्तूवर कोणाचं नाव छापलं जातं आणि त्यात त्याचं स्वतःचं काम नेमकं कोणतं, हे विचारून दहा-बारा ओळींत लिहा. लेखाला शीर्षक म्हणून त्या कारागिराचं नाव द्या.